बाहीवरचे हृदय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'टु वेअर वन्स हार्ट ऑन वन्स स्लीव्ह', म्हणजे हृदय बाहीवर वागविणे, हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडील सुशिक्षित बहुधा निष्कपट मनाच्या निर्भेळ स्तुतीसाठी योजतात. परंतु शेक्सपियरच्या ज्या 'ऑथेल्लो' नाटकामुळे तो रूढ झाला, त्यात तो उच्चारणारे पात्र कपटाची परिसीमा गाठणारे आहे, याचा त्यांना विसर पडतो.

१६०४ साली राजदरबारी प्रयोग झालेल्या या नाटकाच्या, ज्याचे कथानक देवलांच्या 'झुंझाररावा'मुळे मराठी रसिकांना सुपरिचित आहे, पहिल्याच प्रवेशात निशाणबरदार इयागो, आपण सेनापतीची चाकरी केवळ स्वार्थासाठी करतो असे सांगून, अंतरीचा भाव बाह्य वर्तनात दिसू देणे म्हणजे हृदय बाहीवर ठेवून पाखरांच्या चोचींपुढे करणे होय, असे बजावतो. त्या काळी इंग्लंडातील उमरावांचे चाकर धन्याचा बिल्ला बाहीवर मिरवीत, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रतिमेचे मर्म उलगडते : इमानाचे चिन्ह जगाला दिसावे आणि इमान मात्र नसावे, हाच या अस्तनीतल्या निखाऱ्याचा बेत आहे. ती पाखरे १६२२ च्या छापील प्रतीत पारवे आहेत, तर १६२३ च्या संग्रहात कावळ्याच्या कुळातील. मला दुसराच पाठ अधिक समर्पक वाटतो, कारण उघड्या हृदयावर तुटून पडणे पारव्याच्या स्वभावात बसत नाही.

प्रेयसीने दिलेली फीत दंडावर बांधून द्वंद्वात उतरणाऱ्या मध्ययुगीन वीरांपासून हा वाक्प्रचार निघाला, ही कथा मनोहर खरी, परंतु शेक्सपियरपूर्वीचा तसा लेखी दाखला आढळत नाही.

याहून घातक गैरसमज अर्थाविषयी आहे. स्पष्टवक्तेपणा किंवा कारभारातील पारदर्शकता या वाक्प्रचाराच्या कक्षेत येत नाही. ज्याचे हर्ष, खेद आणि अनुराग लपविल्याने लपत नाहीत, तो मनुष्य मितभाषी असला तरी त्याला हे वर्णन लागू पडते, आणि परखड टीका करूनही स्वतःच्या भावनांचा थांग न लागू देणाऱ्याला ते लागू पडत नाही. शिवाय, अशा माणसाला सहज दुखावता येते, ही सूचनाही त्यात असते. म्हणूनच एखाद्या अधिकाऱ्याच्या चोख हिशेबाची तारीफ करण्यासाठी त्याच्या शिफारसपत्रात हे शब्द घातले, तर वाचणारा इंग्रज त्याच्या हिशेबाविषयी काहीच न समजता, हा गृहस्थ भावनाविवश होतो, एवढाच बोध घेईल.