माकडतापाची साखळी

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना आधी पीतज्वराची शंका आली. तपासात सापडला तो वेगळाच विषाणू, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग.

हा विषाणू गोचिडीत राहतो. गोचिडीचं पिल्लू उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांचं रक्त पितं, थोडी मोठी झाली की ती माकडाला किंवा माणसाला चावते आणि पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर पोसली जाते. गुरं स्वतः आजारी पडत नाहीत, पण जंगलात चरायला गेली की गोचिडींची पैदास वाढते. जंगल तोडून शेती आणि बागा झाल्या, तशी गुरं, माणसं आणि माकडं एकाच पायवाटेवर आली. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथंच गळून पडतात. म्हणून मेलेल्या माकडाला हात न लावता लगेच आरोग्य खात्याला आणि वन खात्याला कळवायचं. खरं तर साथीची पहिली वर्दी मेलेलं माकडच देतं.

माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ टक्के दगावतात. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात साथ आली. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ आणि काजूचा हंगामही त्यातच येतो. बागेत राबणाऱ्या बायामाणसांपर्यंत गोचीडरोधक तेल त्याआधीच पोहोचायला हवं.