पोटात साकळणारं दूध

पहाटेची धार काढून झाली की गोठ्यातलं वासरू बादलीच्या रबरी बोंडीला ढुशा देऊ लागतं. दूध डेअरीला गेलेलं असतं. बादलीत असतं कोमट पाण्यात कालवलेलं मिल्क रिप्लेसर, म्हणजे दुधाऐवजी पाजायची पावडर. या पावडरीची एखादी पिशवी फारच स्वस्त का, हे मागचं बारीक अक्षर वाचल्यावर कळतं. दुधाच्या प्रथिनांच्या जागी तिथे सोयाबीन किंवा गहू आलेला असतो.

वासराच्या पोटाला चार कप्पे असतात, पण पहिले काही आठवडे दूध पचवतो तो चौथाच. चोखताना एक खोबण मिटून नळी तयार होते आणि दूध कोठीपोट चुकवून थेट तिथे उतरतं. तिथलं कायमोसिन हे विकर दुधातल्या केसिन या प्रथिनाला गाठतं आणि काही मिनिटांतच ते साकळतं. हा मऊ गोळा पुढचे कित्येक तास थोडाथोडा विरघळत आतड्याला पुरत राहतो. चीझ करणाऱ्यांचं पारंपरिक रेनेट येतं ते वासराच्या याच कप्प्यातून.

सोयाचं प्रथिन असं साकळत नाही.

पण खरी अडचण एवढीच नाही. निवळीतली प्रथिनंही साकळत नाहीत, तरी ती वासराला छान पचतात. सोयाबीन आपल्याबरोबर आणखी बरंच काही घेऊन येतं. त्यातला एक घटक ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतो, आणि पहिल्या तीन आठवड्यांत वासराकडे ट्रिप्सिन आधीच बेताचं. रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा फोडणारं विकर तर त्याच्या आतड्यात नसतंच. त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात. शिवाय ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन या प्रथिनांचं काही वासरांना वावडं असतं. आतड्याच्या अस्तरावरची बोटांसारखी लव आखूड होते, शोषण घटतं, शेपटीखाली पातळ हगवण दिसू लागते.

म्हणून घरचं सोयाबीन भाजून, दळून पाजण्याचा मोह लातूरकडच्या शेतकऱ्याने टाळलेला बरा. भाजल्याने ट्रिप्सिनचा अडथळा बराच मोडतो. वावडं आणणारी प्रथिनं मात्र उष्णतेला सहज दाद देत नाहीत. कारखान्यात गरम पाणी आणि अल्कोहोलने धुऊन काढलेलं सोया कॉन्सन्ट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य. विकरांनी आधीच फोडलेलं गव्हाचं प्रथिन पाण्यात चांगलं मिसळतं, त्यात लायसिन हे अमिनो आम्ल तेवढं कमी. ते वरून घालावं लागतं. वनस्पतीचं प्रथिन सरसकट वाईट ठरवणं अन्यायाचं होईल. वासरू महिन्याचं होऊन काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा सुरुवातीचा खुराक, नीट खाऊ लागलं, की अशी पावडर त्याला बरीच मानवते.

पिशवीवर तंतूंचं प्रमाणही पाहावं. दुधात तंतू नसतात. तो आकडा ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर वनस्पतीचा अंश आहे असं समजायला हरकत नाही. आकडा कमी दिसला तरी घटकांची यादी वाचावीच, कारण शुद्ध केलेल्या गव्हाच्या प्रथिनात तंतू जवळजवळ उरत नाहीत. आणि चीक संपल्यावरचे पहिले तीन आठवडे तरी कालवडीला दुधाच्याच प्रथिनांची पावडर द्यावी, नाहीतर सरळ आईचं दूध.