चांदी तीच, पाणी वेगळं

पाण्यातलं रसायन : लेखांक ९

वॉटर फिल्टरच्या खोक्यावर 'नॅनो सिल्व्हर' असं ठळक छापलेलं असतं आणि त्याखाली ९९.९ टक्के जिवाणू मरतात असा दावा. हा दावा खोटा असतोच असं नाही, पण अर्धा असतो. कोणत्या पाण्यातले जिवाणू, हे तिथे सहसा सांगितलेलं नसतं.

मागच्या लेखांकात नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, कसे असतात ते पाहिलं. आता प्रश्न असा, की चांदीचा कण जिवाणूला मारतो कसा? यावर बरीच वर्षं वाद चालला. काहींच्या मते कण स्वतःच जिवाणूच्या आवरणाला भिडून त्याची नासधूस करतो. बाकीचे म्हणत, कण हे नुसतं कोठार. मारतात ते त्यातून सुटणारे चांदीचे आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले अणू. २०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात पेद्रो आल्वारेझ यांच्या गटाने या वादाला सरळ हात घातला. चांदीच्या कणातून आयन सुटायला ऑक्सिजन लागतो, आणि ई-कोलाय हा जिवाणू ऑक्सिजनवाचूनही जगतो. तेव्हा त्यांनी प्रयोगातून ऑक्सिजनच काढून टाकला. आयन सुटायचे थांबले. मग आयनांच्या मारक मात्रेच्या हजारो पट चांदीचे कण टाकूनही जिवाणू मेले नाहीत. हवेत, म्हणजे आयन सुटत असताना, मारक मात्रेहून कमी चांदी दिली तर ते उलट थोडे जास्तच तगले. कमी मात्रेचं औषध देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एकदा मारेकरी आयन ठरला की पाण्याचं महत्त्व आपोआप कळतं. पाणी आम्लधर्मी असेल आणि त्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर आयन भराभर सुटतात. पण सुटलेला आयन मोकळा राहील याची खात्री नसते. पाण्यात क्लोराइड असेल तर तो त्याच्याशी जोडला जातो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तेवढं क्लोराइड असताना चांदीचे मोकळे आयन लिटरला साधारण ३ मायक्रोग्रॅमच्या वर टिकू शकत नाहीत, एवढी चांदीच्या क्लोराइडची विद्राव्यता कमी आहे. सल्फाइड तर क्लोराइडच्याही वरताण. त्याच्याशी चांदीची गाठ पडली की ती जवळजवळ कायमची. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारे सेंद्रिय पदार्थ कणांवर लेप चढवतात आणि आयनही धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट कणांच्या एकत्र येण्याची. सायट्रेटचा लेप असलेल्या चांदीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. पाण्यात क्षार वाढले की तो प्रभार झाकला जातो, कण चिकटून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. पृष्ठभाग घटला की आयन सुटण्याचा वेगही घटतो. पण सगळे क्षार सारखे नसतात. प्रयोगात अशा कणांच्या झपाट्याने गुठळ्या व्हायला साधं मीठ लिटरला जवळजवळ ३ ग्रॅम लागलं, कॅल्शियम मात्र ८० मिलिग्रॅमच्या आसपास पुरलं. कॅल्शियमसारखा दोन प्रभारांचा आयन मिठातल्या सोडियमसारख्या एका प्रभाराच्या आयनाहून कितीतरी भारी पडतो, हे शुल्झ आणि हार्डी या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिलं होतं. ८० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे २०० मिलिग्रॅम काठिण्य, नेमकी आपल्या मानकातली स्वीकारार्ह मर्यादा. दख्खनच्या काळ्या कातळातल्या कित्येक बोअरच्या पाण्याला ती ओलांडणं अवघड नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर क्षारांचंच राज्य. पावसाने भरणाऱ्या तलावाच्या मऊ पाण्यात जी चांदी चोख काम करते, ती तिथे आळशी ठरू शकते.

फिल्टरवाले म्हणतील, आमची चांदी मोकळी तरंगत नाही, ती राखेत किंवा मातीत घट्ट बसवलेली आहे. बरोबर आहे. २००९ साली आलेल्या टाटा स्वच्छमध्ये ती भाताच्या तुसाच्या राखेवर होती. अशा चांदीच्या गुठळ्या होत नाहीत, पण पाण्यातले क्षार तिच्यावर थर धरतात आणि आयन सुटणं मंदावतं. मद्रास आयआयटीतल्या टी. प्रदीप यांच्या गटाने नेमकी हीच अडचण हाताळली. त्यांनी चांदीचे कण कायटोसान आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या जाळीत बसवले, म्हणजे आयन दीर्घकाळ एकसारखे सुटत राहतील. सुटणाऱ्या आयनांचं प्रमाण त्यांनी लिटरला १०० मायक्रोग्रॅम या पिण्याच्या पाण्यातल्या चांदीच्या मर्यादेच्या आत ठेवलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेलं हे काम मला तरी दाव्यांच्या जाहिरातींपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात खऱ्या पाण्याचा विचार आहे.

प्रयोगशाळेतही हाच घोळ होतो. जिवाणू वाढवायच्या पोषक रश्शात लिटरला ५ ते १० ग्रॅम मीठ असतं, शिवाय यीस्टचा अर्क आणि प्रथिनं. त्यातली गंधकयुक्त रेणूंची गर्दी चांदीचे आयन गिळून टाकते. म्हणून रश्शात काढलेली मारक मात्रा नदीच्या पाण्याला लावता येत नाही, आणि शुद्ध पाण्यातली रश्शाला. दोन शोधनिबंधांतले आकडे जुळत नाहीत, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

सांडपाण्यात मात्र याच रसायनाने दिलासा दिला. कपड्यांतून आणि धुलाई यंत्रांतून वाहून येणारी चांदी सांडपाणी शुद्ध करणारे उपयोगी जिवाणू मारेल, अशी भीती होती. पण गटारात सल्फाइड मुबलक. स्वित्झर्लंडमधल्या प्रायोगिक प्रकल्पात बहुतेक चांदी सल्फाइड होऊन गाळात गेल्याचं आढळलं. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये, तो गाळ शेतात पडला की पुढे काय, हा वेगळा विषय आहे.

चांदीचा फिल्टर घेण्याआधी आपल्या पाण्याचं काठिण्य आणि क्लोराइड तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तो अहवाल हातात घेऊन विक्रेत्याला विचारा, की दाव्याची चाचणी कोणत्या पाण्यात झाली होती.