जालन्याचे उपदेशक : रेव्हरंड नारायण शेषाद्री
(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात आपण जॉर्ज फॉक्स या सतराव्या शतकातील क्वेकर उपदेशकाचे चरित्र पाहिले. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश वसतो, या श्रद्धेपायी त्याने न्यायासनासमोर टोपी काढण्याचे व शपथ वाहण्याचे नाकारले आणि वारंवार तुरुंगवास पत्करला. ईश्वरापुढे सर्व माणसे समान, हे तत्त्व तोंडाने मान्य करणारे पुष्कळ. त्याची किंमत आपल्या संसारातून आणि प्रतिष्ठेतून चुकती करणारे विरळा. असा एक पुरुष आपल्या मराठवाड्यातही वावरून गेला.

ब्राह्मण कुळात जन्मलेल्या नारायण शेषाद्री यांनी मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिक्षण घेतले आणि १८४३ साली बाप्तिस्मा स्वीकारला. त्यांच्यामागोमाग त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला, तेव्हा वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली व न्यायमूर्ती पेरी यांनी मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. परंतु मिशनऱ्यांच्या घरचे अन्न त्याच्या पोटात गेलेले होते. एवढ्या कारणावरून त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्रह्मवृंदात उभी फूट पडली. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा पक्ष हिरिरीने उचलून धरला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका मुलाच्या चार घासांनी जेथे एवढे वादळ उठे, तेथे नारायणरावांनी आपल्या निश्चयाने काय गमावले असेल आणि त्या पित्याने काय सोसले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

१८५४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पुढे मुंबईतला सुशिक्षितांचा सहवास सोडून ते निजामाच्या मुलखात, लष्करी छावणीच्या जालन्यास आले आणि मुख्यत्वे मांग व महार समाजांत कार्य करू लागले. ज्यांची सावलीही टाळावी असा संस्कार त्यांच्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या जपला होता, त्यांच्याच वस्तीत त्यांनी आपले आयुष्य घातले. दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारातून जमीन मिळवून जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसविले. गावकुसाबाहेर राहून बलुत्यावर व इतरांच्या मर्जीवर जगणाऱ्या कुटुंबांना स्वतःचे गाव, शाळा आणि प्रार्थनामंदिर लाभणे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

फॉक्सने दीक्षित पुरोहितवर्गच नाकारला. नारायणराव मात्र प्रेस्बिटेरियन परंपरेतील रीतसर दीक्षित होते. पंथ निराळे, तरी माणसाचे मोल त्याच्या जन्मावरून ठरवू नये, हा आग्रह दोघांचा एकच. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते डोक्यास पागोटे बांधूनच उभे राहिले. धर्म बदलला म्हणून वेष आणि देश टाकण्याची गरज त्यांना वाटली नाही. १८९१ साली सागरप्रवासात त्यांचे देहावसान झाले.

धर्मांतराविषयी मतभेद राहणारच, आणि ते प्रामाणिक असू शकतात. तथापि मराठवाड्यातील अस्पृश्यतानिवारणाचा इतिहास लिहिताना बेथेलचा अध्याय वगळणे अन्यायाचे होईल. छत्रपती संभाजीनगर व जालना येथील ज्या कुटुंबांत त्या काळच्या सनदा, पत्रव्यवहार वा चर्चची दप्तरे असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ न देता अभ्यासकांस दाखवावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.