नाकाचा पहारा

भिवंडीस आप्तांकडे चार दिवस राहण्याचा योग आला, कीं पहिली रात्र यंत्रमागांच्या खडखडाटांत जाते. सकाळीं खिडकीच्या गजावरून बोट फिरवावें, तों सुताची करडी, मऊ धूळ त्यास चिकटते. "आम्हांला आतां त्याचें कांहीं वाटत नाहीं," असें घरचीं माणसें सांगतात. मनास सवय होते खरी. फुप्फुसांस ती होते, असें मात्र दिसत नाहीं.

याच घरांतील आठ वर्षांचा नातू रात्रीं तोंड उघडें टाकून घोरत असे. महिन्याआड सर्दी, मधून मधून कानदुखी. त्याच्या आजी उठतां-बसतां त्यास बजावीत, "अरे, तोंड मीट, नाकानें श्वास घे!" तरुण मंडळी हंसत, पण आजींचें बोलणें शास्त्रास सोडून नव्हतें.

प्रौढ मनुष्य दिवसाकाठीं सुमारें 20,000 वेळां श्वास घेतो आणि 10,000 लिटरच्या आसपास हवा आंत ओढतो. ती नाकावाटें गेली, तर तिची चांगलीच झडती होते. जाड धूळ केसांत अडकते. आंतील वळणांत हवा ऊन आणि दमट होते. उरलेला कचरा शेंबडांत रुततो आणि अतिसूक्ष्म तंतूंची अखंड हालणारी रांग तो घशाकडे लोटते. तेथून तो पोटांत गेला, कीं जठरांतील आम्ल बहुतेक जंतूंचा निकाल लावतें. शेंबूड हा शब्द आपल्या सुशिक्षित घरांत उच्चारण्यासही संकोच वाटतो. परंतु सर्दीनें बेजार झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनें स्वतःचा शेंबूडच जंतूंच्या बशींत घातला, तेव्हां भोंवतालचे जंतु विरघळले! त्यांतील द्रव्य त्यानें 1922 सालीं लायसोझाइम या नांवानें जगापुढें मांडलें. त्याचें पेनिसिलिन मागाहून, 1928 सालीं आलें.

नाकालगतच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायु तयार होतो, हें स्वीडनमधील संशोधकांनीं 1995 सालीं दाखविलें. प्रयोगशाळेंत हा वायु कांहीं जंतु व विषाणु यांच्या वाढीस आळा घालतांना आढळला आहे. गुणगुणल्यानें नाकांतून येणारें त्याचें प्रमाण सुमारें 15 पट वाढतें, असें 2002 सालीं दिसून आलें. भ्रामरी करणाऱ्यांस हें वाचून आनंद होईल. मात्र तेवढ्यावरून भ्रामरीनें सर्दी टळते असें म्हणतां येत नाहीं.

प्राणायाम प्रयोगशाळेच्या कसोटीस लावावा, हा हेतु धरूनच स्वामी कुवलयानंदांनीं 1924 सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. आमचे मुंज झालेले चिरंजीव संध्येच्या वेळीं नाकास बोट लावून तत्क्षणीं उचलतात, त्याची गणना मात्र कशांत करावी हें कळत नाहीं! नेदरलंडमध्यें 2014 सालीं श्वसन, थंडी व ध्यान यांचें शिक्षण घेतलेल्या निरोगी तरुणांस जंतूंचें विष टोंचून पाहिलें, तों त्यांच्या शरीरांत दाह कमी झाला. दाह कमी होणें म्हणजे प्रतिकारशक्ति वाढणें नव्हे, हें मात्र विसरतां कामा नये.

शिवाय हवाच धुळीनें भरली असेल, तर खोल श्वास घेण्याचा उपदेश उलटाच पडावयाचा. कापसाची अगदीं बारीक धूळ नाकास चुकवून खालीं उतरते. वर्षानुवर्षें ती ओढणाऱ्या कामगारांस साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशीं छाती आवळल्यासारखी वाटूं लागते. पिंजण आणि सूतकताईच्या खात्यांत हा विकार अधिक, विणकामांत कमी. तेथें खेळती हवा, धूळ ओढून घेणारीं यंत्रें आणि नीट बसणारा मास्क यांवांचून गत्यंतर नाहीं.

नातवास शेवटीं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलें, तों नाकामागील ग्रंथि इतकी वाढलेली, कीं हवेस वाटच उरली नव्हती. बिचाऱ्यानें तोंड मिटलें असतें, तर श्वास घेतला असता कोठून? दोन वर्षें आपण उगाच त्याच्यावर रागावलों, हें आजींच्या मनास फार लागलें. मुलें मोठीं होतात तशी ही ग्रंथि बहुधा आपोआप आटते; पण येथें औषधांनीं उतार पडेना, म्हणून ती काढावी लागली.

परवां पुन्हां त्या घरीं मुक्काम झाला. माग पूर्ववत् वाजत होते. मध्यरात्रीं जाग आली, तेव्हां आजी नातवाच्या अंथरुणाशीं बसून त्याच्या नाकपुड्यांखालीं बोट धरून पाहत होत्या.