पूरखूण आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर

नव्या स्वयंपाकघरासाठी उपकरणे निवडताना आपण किंमत पाहतो, वीजबचतीचे तारे मोजतो. शिरोळ तालुक्यात आणखी एक माप घ्यायला हवे, ते उंचीचे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ साली या परिसरातील अनेक घरांत पुराचे पाणी शिरले.

फ्रिजचा कॉम्प्रेसर बहुधा मागे, तळाशी असतो. म्हणजे पाणी आधी तिथेच पोचते. शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक आहे. पुराच्या पाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात. पूर ओसरल्यावरही जोडांवर ओला गाळ राहतो आणि त्यातून वीज उपकरणाच्या पत्र्यात उतरू शकते. म्हणून भिजलेले उपकरण वरून कोरडे दिसले तरी वायरमनकडून इन्सुलेशन व अर्थिंग तपासल्याशिवाय सुरू करू नये.

मिक्सर, इंडक्शन शेगडी उचलून माळ्यावर ठेवता येते. मोठा फ्रिज नाही. तेव्हा फ्रिज दोघांना उचलेल एवढाच घ्यावा, सॉकेट पूरखुणेच्या वर बसवावेत आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी लावावे. पाणी दारात येण्याआधी मेन स्विच बंद करावा.

घरातील पूरखूण आणि सॉकेट जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे विद्यार्थ्यांना टेपने मोजून आणायला सांगू या. दोन आकड्यांची वजाबाकी बरेच काही शिकवील.