नगर फोडणारे आणि नगर घेणारे

संगणकावरील युद्धनीतीच्या खेळांत ‘सिव्हिलायझेशन’ या मालिकेचें नांव सर्वतोमुखीं झालेलें आहे. सिड मायर यांच्या नांवानें तिचा पहिला खेळ १९९१ सालीं निघाला. पांचवा २०१० सालीं आला, व २०१३ पर्यंत त्याला दोन मोठ्या पुरवण्या जोडल्या गेल्या. बुद्धिबळाप्रमाणें हाहि पाळीपाळीनें खेळावयाचा. मात्र पट षट्कोणी घरांचा, आणि एका घरांत लढाऊ तुकडी एकच. शत्रूचें नगर जिंकावयास निघालेला नवखा खेळाडू आपली सर्वांत बलवान तुकडी कोणती, एवढेंच पाहतो. वास्तविक येथें प्रश्न बळाचा नसून कामाच्या वांटणीचा आहे.

पुरवण्यांसह हा खेळ मांडला असतां नगर हें स्वतःच एक योद्धा ठरतें. तुकडीचें जीवित १०० अंश, तर नगराचें २००. तट बांधला कीं त्यांत आणखी भर पडते. दोन घरांच्या आंत आलेल्या शत्रूवर तें दर पाळीस मारा करतें, आणि उसंत मिळतांच झालेली हानि भरून काढतें. अशा नगरावर एकएक तुकडी पाठविणें म्हणजे आगींत एकएक काटकी टाकण्यासारखेंच होय.

तट खिळखिळा करण्याचें काम कॅटापल्ट नांवाच्या दगड फेकणाऱ्या यंत्राचें. नगरावर मारा करतांना त्याचें बळ पुष्कळच वाढतें. परंतु तें आधीं मांडून घ्यावें लागतें, शत्रु अंगावर आला तर तें दुबळें ठरतें, आणि त्याचा पल्ला दोनच घरांचा असल्यामुळें नगराचा मारा त्यालाहि सोसावा लागतो. म्हणून त्याच्यापुढें तलवारधारी किंवा भालाइतांची फळी हवी. पुढील काळांत डायनामाइटची विद्या साधली कीं तीन घरांच्या पल्ल्याची तोफ मिळते, व नगराच्या माऱ्याबाहेर राहून तें फोडतां येतें. तिची दृष्टि मात्र आंखूड. तिच्यासाठीं पुढें राहून नगर नजरेंत ठेवणारा कोणीतरी असावा लागतो.

अननुभवी सेनापति फसतो तो याच्या पुढें. यंत्रें, तिरंदाज वा तोफा नगराला मरणासन्न करतील, पण एकहि त्यांत पाऊल टाकूं शकत नाहीं. तो अधिकार हातघाईनें लढणाऱ्यांचाच. सारा खजिना यंत्रांवर उधळणाऱ्याच्या हातातोंडाशीं आलेला घास याच कारणानें जातो. घोडेस्वार तटावर आदळण्यास निरुपयोगी, कारण नगरावर त्यांचा जोर कमी पडतो. परंतु दूर उभे राहून शेवटच्या क्षणीं दौडत आंत शिरण्यास, वाट मोकळी असल्यास, त्यांच्यासारखे तेच.

विजयानंतरचा विचारहि निवड करतांनाच व्हावा. जिंकलेल्या नगराची वस्ती घटते, लोक कांहीं पाळ्या प्रतिकार करतात, आणि विजेत्याच्या राज्यांत असंतोष वाढतो. नगराची शक्ति तेव्हां क्षीण असते. शत्रूनें तें परत घेतलें तर आंतील तुकडीहि नष्ट होते. यासाठीं फोडणारे दोनतीन असावेत, त्यांना राखणारे तितकेच असावेत, आणि आंत शिरावयाची एक तुकडी शेवटपर्यंत ताजी ठेवावी. नगर घेणाऱ्यालाच तें राखावयाचें असतें.